दातातलं सिमेंट: ठणका थांबला म्हणजे काम झालं?

‘ठणका थांबला, सिमेंट बसलं, आता परत कशाला जायचं?’ पुण्यात पेठांपासून हडपसरपर्यंत हे सर्रास ऐकू येतं. याच समजापायी दात जातात. ठणक्यावर भरलेलं ते पांढरं सिमेंट बहुधा झिंक ऑक्साइड-युजेनॉलचं, म्हणजे तात्पुरतं असतं. युजेनॉल हा लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. तोंडात येतो तो त्याचाच वास. त्याने दात शांत होतो खरा, पण चावून चावून सिमेंट झिजतं, कडेला फट पडते आणि कीड पुन्हा आत शिरते. १९७२ साली जगापुढे आलेलं ग्लास आयोनोमर वेगळं. ते दाताला रासायनिकरीत्या चिकटतं, फ्लोराइड सोडतं. भरायला चालतं, कॅप बसवायलाही. तुमच्या दातात यांपैकी कोणतं आहे, हे डॉक्टरांना नक्की विचारा.