परीक्षा सिस्टरची, निकाल पेशंटचा

कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वसनाच्या नोंदींचा कागद, चाळून बघा. तापाचे आकडे वरखाली होतात, नाडीचेही होतात, पण श्वसनाच्या रकान्यात बहुतेकांपुढे 18 नाहीतर 20 लिहिलेलं असतं. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना 18, शेजारच्या खाटेवरच्या न्यूमोनियावाल्यालाही 18. हे फक्त आपल्याकडचं नाही. निरनिराळ्या देशांतल्या नोंदी तपासणाऱ्यांना हेच आढळलं आहे. श्वासाचे आकडे ठरावीक दोन-तीन ठिकाणी गोळा होतात, कारण ते मोजलेले नसतात, अंदाजाने लिहिलेले असतात. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका लेखाने तर श्वसनाच्या वेगाला 'दुर्लक्षित खूण' असंच म्हटलं होतं.

आणि पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा आधी बदलतो तो हाच आकडा. रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागला की पेशींना पुरेसा प्राणवायू मिळेनासा होतो आणि लॅक्टिक आम्ल साचतं. रक्ताची आम्लता वाढल्याचं शरीराला लगेच कळतं. ती कमी करण्याचा झटपट मार्ग म्हणजे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं, म्हणून मेंदूच्या तळाशी असलेलं श्वसनकेंद्र श्वास वाढवतं. रक्तदाब मात्र या काळात ठीक दिसतो. हृदय जोरात पळतं आणि दाब टिकून राहतो. बाहेर सगळं व्यवस्थित आणि आत उधारी चढत चाललेली, असं एखाद्या घराचं होतं तसंच हे. तरुण माणसाचं शरीर ही उधारी फार वेळ ओढतं आणि मग एकदम कोसळतं. 'रात्रीपर्यंत बरा होता हो, पहाटे अचानक काय झालं' असं नातेवाईक म्हणतात, तेव्हा त्या 'अचानक'मागे पुष्कळदा काही तासांचे न मोजलेले श्वास असतात. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरही विसंबता येत नाही. धापा टाकून टाकून माणूस 96 टक्के दाखवू शकतो.

हे ओळखून ब्रिटनमध्ये 1997 साली काही डॉक्टरांनी एक साधी गुणपद्धती सुचवली. नाडी, श्वास, रक्तदाब, ताप, शुद्ध यांना नेहमीपेक्षा किती फरक पडला त्यानुसार गुण द्यायचे आणि बेरीज ठरावीक आकड्यावर गेली की डॉक्टरांना बोलवायचं. पुढे 2012 मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने देशभरासाठी एकच तक्ता आणला आणि 2017 मध्ये तो सुधारला. त्यात मिनिटाला 12 ते 20 श्वासांना शून्य गुण, 21 ते 24 ला 2 आणि 25 किंवा त्याहून जास्त असतील तर 3. एकूण बेरीज 5 झाली की तातडीने तपासणी, 7 झाली की आणीबाणी. गणित चौथीतल्या पोराचं आहे. अट एकच, श्वास खरोखर मोजलेले हवेत.

नर्सिंगच्या शिक्षणाबद्दल मला जे म्हणायचंय ते इथूनच सुरू होतं. प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला किती असावा हे सांगली-मिरजेतल्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, कुठल्याही मुलीला विचारा, ती झोपेतसुद्धा सांगेल. माहितीची कमतरता नाही. मग शिकवलेलं खाटेपर्यंत पोचतं का, हे आपण कधी मोजतो?

फार कमी वेळा. आपल्याकडच्या नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रबंधांचा एक ठरलेला साचा आहे. अमुक रुग्णालयातल्या परिचारिकांच्या तमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. आधी प्रश्नपत्रिका, मग तासभराचं व्याख्यान, आठवड्याभराने पुन्हा तीच प्रश्नपत्रिका. मार्क वाढतात. वाढणारच, नुकतंच शिकवलंय. निष्कर्षात 'कार्यक्रम परिणामकारक ठरला' असं वाक्य येतं आणि प्रबंध कपाटात जातो. विद्यार्थिनींना दोष देत नाही मी. वर्षभरात संपणारा, बिनखर्चाचा आणि गाइडला मान्य असणारा विषय त्यांना हवा असतो. पण ज्या बेडसोरवर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमांवर, व्याख्यान झालं, ते वॉर्डात कमी झाले का, हा प्रश्न तसाच राहतो.

अमेरिकेतले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षण जोखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. शिकणाऱ्याला ते आवडलं का, त्याला ते समजलं का, कामावर गेल्यावर त्याचं वागणं बदललं का, आणि शेवटी ज्यासाठी हा खटाटोप केला ते साधलं का. आपलं बहुतेक संशोधन दुसऱ्या पायरीवर बसकण मारून आहे. चौथी पायरी म्हणजे पेशंट.

चौथ्या पायरीवरचं गाजलेलं काम लिंडा एकन या संशोधिकेचं. त्यांच्या गटाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांमधल्या 2,32,342 शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले. पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असेल, तिथे 30 दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता सुमारे 5 टक्क्यांनी कमी होती. गुंतागुंत झाल्यावर ती वेळेत न सावरल्याने होणारे मृत्यूही त्याच प्रमाणात कमी होते. 2014 मध्ये हाच प्रश्न युरोपातल्या 9 देशांमधल्या 300 रुग्णालयांत विचारला गेला. या वेळी पेशंट चार लाखांवर होते. पदवीधरांच्या दर 10 टक्क्यांमागे मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी घटलेली दिसली, आणि एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ती 7 टक्क्यांनी वाढलेली.

हे आकडे भाषणात फेकायला सोपे आहेत, म्हणून जरा थांबून बघू. हा प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं. जी रुग्णालयं पदवीधर नर्स घेतात, ती कदाचित यंत्रंही चांगली घेत असतील, डॉक्टरही जास्त ठेवत असतील. संशोधकांनी अशा गोष्टींचा हिशेब वजा केला होता, तरी पदवीमुळेच जीव वाचले असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय तिथली पदवी आणि आपली चार वर्षांची बीएस्सी, तिथला डिप्लोमा आणि आपलं तीन वर्षांचं जीएनएम यांची एकास एक तुलना होत नाही. माझ्या दृष्टीने या अभ्यासातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. शिक्षण आणि पेशंटची संख्या यांचे परिणाम त्यात शेजारी शेजारी दिसतात. सरकारी वॉर्डात रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट ही आपल्याकडे बातमी नाही. प्रत्येकाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे तर फक्त त्यालाच अर्धा-पाऊण तास जातो. मध्ये कुणाचं सलाईन संपणार, कुणाचे नातेवाईक 'सिस्टर, जरा या ना' म्हणून दारात उभे राहणार. मग 18 लिहिलं जातं. त्या 18 ला अज्ञान म्हणणं बरोबर नाही.

निरीक्षणाच्या पुढे जाऊन खरा प्रयोग बघायचा असेल तर अमेरिकेला जायची गरज नाही. मिरजेतून गाडीत बसा आणि बेळगावला उतरा. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये एएनएमना, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकांना, घेऊन केलेला एक अभ्यास 2006 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभरात मातांच्या मृत्यूचं एक मोठं कारण. तो टाळण्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, पण ते थंड ठेवावं लागतं आणि खेड्यात फ्रीजचा भरवसा नसतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी साध्या तापमानाला टिकते आणि तोंडाने घेता येते. डॉक्टर जवळ नसताना, घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात एएनएमने ही गोळी दिली तर काय होईल? 1,620 बायकांपैकी निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी दिली गेली. कुणाला कुठली, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलेलं. रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं आणि लिटरभर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 1.2 वरून 0.2 टक्क्यांवर. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

या अभ्यासातली एक वस्तू मला गोळीइतकीच महत्त्वाची वाटते. बाळंतिणीच्या खाली पसरायचं प्लास्टिकचं कापड, खाली निमुळती पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. एरवी रक्त किती गेलं हे नजरेने ठरवतात, आणि नजर बहुतेक वेळा कमी सांगते. कापडात, पाण्यात, गादीत मुरलेलं रक्त तिला दिसत नाही. पिशवीवरचा आकडा मात्र नवख्या मुलीलाही वाचता येतो.

तशीच पिशवी पुढे आफ्रिकेत फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या 80 रुग्णालयांमध्ये दोन लाखांवर बाळंतपणांचा अभ्यास झाला आणि 2023 मध्ये तो छापून आला. निम्म्या रुग्णालयांत खुणांची पिशवी दिली आणि रक्त ठरावीक रेषेवर गेलं की एकामागून एक नव्हे, एकदमच करायच्या गोष्टी शिकवल्या. गर्भाशय चोळणं, औषधं, रक्तस्राव थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सामिक आम्ल, सलाईन, तपासणी आणि वरिष्ठांना हाक. हे सगळं प्रामुख्याने सुईणी आणि परिचारिकांनी करायचं, डॉक्टरची वाट न बघता. नेहमीच्या पद्धतीच्या रुग्णालयांत रक्तस्रावाच्या जेमतेम निम्म्या केसेस ओळखल्या गेल्या, तर नव्या पद्धतीत 93 टक्के. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 4.3 वरून 1.6 टक्क्यांवर उतरलं. ही औषधं काही नवी नव्हती. सुईणींना ती माहीतही होती.

म्हणजे शिकवणं उपयोगी पडलं ते दोन गोष्टी सोबत असल्यामुळे. मोजायचं साधन हातात होतं आणि मोजल्यावर काय करायचं याची मुभा आधीच दिलेली होती. मुभेचा प्रश्न बारीक नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच साध्या पायऱ्यांची यादी आणली गेली. हात धुणं, कातडी निर्जंतुक करणं, पूर्ण आच्छादन वगैरे. त्यात नर्सला एक अधिकार होता. डॉक्टर एखादी पायरी चुकले तर तिने काम थांबवायचं. 2006 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार नळीतून होणारा रक्ताचा संसर्ग दीड वर्षात 66 टक्क्यांपर्यंत घटला. आता आपल्या एखाद्या आयसीयूत पहिल्या वर्षाच्या सिस्टरने मोठ्या सरांना 'सर, मास्क' म्हटल्याचं डोळ्यांपुढे आणा. अभ्यासक्रमात हे बसवता येईल, पण सरांनाही त्याच वर्गात बसावं लागेल.

ऑस्ट्रेलियात 2005 मध्ये याची दुसरी बाजू दिसली. तिथल्या 23 रुग्णालयांपैकी काहींत पेशंट बिघडला की धावत येणारं खास पथक तयार ठेवलं. एकूण मृत्यूंत आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांत म्हणावा असा फरक पडला नाही. नोंदी बघितल्यावर लक्षात आलं की धोक्याच्या खुणा चार्टवर असूनही पुष्कळदा पथकाला फोनच गेला नव्हता.

मिरजेच्या संदर्भात हे लिहिण्याचं कारण उघड आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उघडलं आणि त्या शतकाच्या अखेरीसच इथे नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीला सिव्हिल आहे, खासगी कॉलेजं आहेत, कराडलाही आहेत. जत-आटपाडीपासून सीमेपलीकडच्या कर्नाटकापर्यंतची माणसं 'मिरजेला नेऊ' म्हणतात. पेशंटही इथे आहेत, शिकणाऱ्याही इथेच आहेत. प्रश्नपत्रिका सोडून वॉर्डात मोजायला यापेक्षा बरी जागा कुठली?

मोजायचं काय, याची उदाहरणंही हाताशी आहेत. शिराळ्याचा नाग जगप्रसिद्ध, पण उसाच्या फडात घोणसही असते. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही. ते ओळखायची तपासणी म्हणजे दोन-तीन मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग तिरपं करून बघायचं. लेखी परीक्षेत हे सगळ्यांना येतं. प्रत्यक्षात नळी प्लास्टिकची निघते, साबणाने धुतलेली असते, किंवा दहाव्या मिनिटाला कुणीतरी ती हलवून बघतं आणि उत्तर चुकतं. तेव्हा प्रबंधाचा विषय 'सर्पदंशाविषयीचं ज्ञान' असा न ठेवता, शंभर तपासण्यांपैकी किती काचेच्या नळीत आणि पूर्ण 20 मिनिटांनी वाचल्या गेल्या, असा ठेवता येईल.

श्वासाचंही तसंच. एका विद्यार्थिनीने घड्याळ घेऊन पूर्ण मिनिटभर मोजायचं आणि चार्टवरच्या आकड्याशी ताडून बघायचं. प्रशिक्षणाआधी, नंतर महिन्याने आणि सहा महिन्यांनी, कारण हातची कौशल्यं काही महिन्यांत ओसरतात हे हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाच्या अभ्यासांतून पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. कुणी बघतंय म्हटल्यावर सगळेच नीट वागतात, म्हणून कोणत्या पाळीत मोजणार ते आधी सांगायचं नाही, पण रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी मात्र आधी घ्यायची. सोबत आणखी एक रकाना ठेवावा. चार्टवर धोक्याचा आकडा लिहिला त्या वेळेपासून डॉक्टर खाटेशी येईपर्यंत किती मिनिटं गेली. आणि त्या पाळीला वॉर्डात पेशंट किती होते, सिस्टर किती होत्या, हेही त्याच पानावर लिहावं. नाहीतर सहा महिन्यांनी आकडे पुन्हा 18 वर आले की दोष पुन्हा शिकवणीवर जाईल.