थेट डीव्हीडीवर आलेला पोलीस मारधाडपट

चित्रपटगृहात न लावता सरळ डिस्कवर विक्रीला काढलेला, पोलीस अधिकारी नायक असलेला मारधाडीचा चित्रपट. हा धंदा मुळात अमेरिकेतला. मराठवाड्यात तो हिंदीत डब होऊन सीडी लायब्ररी, केबल आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्स या वाटांनी पोचला. इथल्या प्रेक्षकाच्या पदरी त्यातून बहुतेकदा निराशा आली. तिची मुळे या चित्रपटांच्या हिशेबातच आहेत.

व्हिडिओ कॅसेटच्या काळातच असे चित्रपट निघू लागले होते. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा त्यांना नवी बाजारपेठ मिळाली. चित्रपटगृह टाळले की प्रिंटांचा आणि जाहिरातीचा मोठा खर्च वाचतो, पण मग गिऱ्हाईक ओढायला वेष्टणाशिवाय काहीच उरत नाही. म्हणून पैशाचा मोठा वाटा एका ओळखीच्या चेहऱ्यावर जातो. २००२ नंतर स्टीव्हन सीगल यांचे मुख्य भूमिकेतले बहुतेक चित्रपट अमेरिकेत थेट डिस्कवरच आले. झां-क्लॉड व्हॅन डॅम आणि डॉल्फ लुंडग्रेन यांचेही अनेक तसेच आले. असा नट थोड्या दिवसांसाठी मिळतो. उरलेली हाणामारी पाठमोऱ्या बदली माणसाकडून उरकली जाते. चित्रीकरण पुष्कळदा बल्गेरिया किंवा रुमानियात होते. तिथले रस्ते अमेरिकेतले वाटावेत म्हणून बोळ, गोदामे आणि रात्र यांचाच आधार घ्यावा लागतो.

दुसरी युक्ती गाजलेले नाव वापरण्याची. लॉस एंजेलिसच्या विशेष पोलीस पथकावरचा ‘एस.डब्ल्यू.ए.टी.’ २००३ मध्ये चित्रपटगृहांत लागला. त्याचा पुढचा भाग २०११ मध्ये थेट डीव्हीडीवर निघाला. पहिल्या भागातले सॅम्युएल एल. जॅक्सन आणि कॉलिन फॅरेल त्यात नव्हते.

खरी उणीव मात्र पोलिसी कामाची आहे. मराठवाड्यातल्या गावाला पोलीस ठाणे ऐकून माहीत नसते, अनुभवाने माहीत असते. बांधाच्या भांडणात कोणीतरी पंच म्हणून सही केलेली असते, कोणाचा जबाब झालेला असतो, कोणी तारखांना तालुक्याच्या कोर्टात खेटे घातलेले असतात. फिर्याद कोणत्या शब्दांत लिहून घेतली यावर पुढचे सगळे फिरते, हे अशा माणसाला शिकवावे लागत नाही. त्याच्यासमोर जो नायक येतो तो कागदाला हात लावत नाही, साक्षीदाराजवळ बसत नाही, वरिष्ठाने बिल्ला काढून घेतला की पुढच्याच दृश्यात बंदूक घेऊन निघतो. पोलिसाच्या गोष्टीतली उत्कंठा संशय हळूहळू पक्का होण्यात असते. ते दाखवायला पटकथेवर वेळ द्यावा लागतो, आणि या चित्रपटांत सर्वांत कमी खर्च तिथेच होतो. गोळीबार कितीही वाढवला तरी ही जागा भरून निघत नाही. हिंदीत डब झालेले दक्षिणेकडचे पोलीसपट इथे जास्त रुजले. मारामारी त्यांतही अतोनात असते, पण गुन्हा कोणावर झाला आणि घर कोणाचे उद्ध्वस्त झाले हे त्यांत आधी कळते.

पाहण्याच्या साधनांनी भर घातली ती वेगळीच. व्हीसीडीवर चित्र अवघे ३५२ × २८८ बिंदूंचे असे, आणि चित्रपट सहसा दोन डिस्कांत विभागलेला. पुढे चोरट्या डीव्हीडी आल्या. एका थराच्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी, म्हणजे चांगल्या प्रतीचा साधारण दोन तासांचा एक चित्रपट. तिच्यावर चार-पाच कोंबले की दाबलेल्या चित्रात सर्वांत आधी अंधार फाटतो, त्याचे चौकोन पडतात. स्वस्ताईसाठी रात्रीत चित्रित केलेला चित्रपट म्हणूनच या प्रतीत सर्वांत वाईट दिसे. त्यात भारनियमन. शेवटच्या चकमकीच्या ऐन वेळी वीज गेली की तो चित्रपट तिथेच संपे.

मोझर बेअर कंपनीने २००६-०७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढून अधिकृत प्रत सामान्यांच्या आवाक्यात आणली. चोरट्या प्रतींवर कायद्याचा बडगा नंतर वाढला: झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या १९८१ च्या महाराष्ट्रातील स्थानबद्धता कायद्यात २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सही आले.

डिस्कचा धंदा मोडला तो मात्र मोबाइलने. तालुक्याच्या बाजारात दुकानदार मेमरी कार्ड भरून देऊ लागले आणि सीडी लायब्रऱ्या बंद होत गेल्या. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटने कार्डाचीही गरज संपवली. आता असेच चित्रपट थेट ओटीटीवर उतरतात, हिंदी डबिंगसह.