ऑटोमन साम्राज्य बुडालं कसं: १९१४ ला जर्मनीच्या बाजूने पहिल्या महायुद्धात उतरण्याच्या निर्णयामागची पार्श्वभूमी

ऑटोमनांचा, म्हणजे तुर्कांच्या साम्राज्याचा, चढता काळ सगळ्यांना माहितीये, म्हणून सरळ १९व्या शतकावर येतो. १८२६ मध्ये सुलतानाने जानिसरी ही आपली जुनी खडी फौज स्वतःच मोडून काढली, ते गरजेचंच होतं, पण नवं सैन्य तयार व्हायच्या आत ग्रीस गेला आणि १८३२-३३ मध्ये तर साम्राज्याच्याच इजिप्तमधल्या सुभेदाराचं सैन्य अनातोलियात घुसलं, त्याला थोपवायला रशियन आरमार बोलवावं लागलं. पुढे हेच चालू राहिलं, एकाने लचका तोडायचा, दुसऱ्याने वाचवायचं आणि वाचवल्याची किंमत घ्यायची. १८७८ ला बर्लिनच्या परिषदेत ब्रिटनने रशियाला आवरलं पण स्वतः सायप्रस घेतलं, १८८१ ला फ्रान्सने ट्युनिस, १८८२ ला ब्रिटनने इजिप्त.

आतून पोखरलं ते कर्जाने. क्रिमियन युद्धात १८५४ ला पहिलं परदेशी कर्ज काढलं, १८७५ ला हप्ते थकले आणि १८८१ पासून परदेशी सावकारांची यंत्रणाच इस्तंबूलमध्ये येऊन बसली, मीठ, दारू, मासळी, रेशीम, स्टॅम्प यांचं उत्पन्न थेट तिच्याकडे. ज्या सरकारला स्वतःच्या मिठावरचा कर मिळत नाही ते सैन्य कशावर पोसणार?

१९०७ ला ब्रिटन आणि रशियाचं आपसात जमलं, आणि माझ्या मते खरा घात तिथे झाला, कारण एवढी वर्षं हे साम्राज्य टिकलं होतं तेच या दोघांच्या भांडणावर. मग सुलतानाची सत्ता आवळणारी १९०८ ची तरुण तुर्कांची क्रांती, १९११ ला इटलीने लिबिया घेतलं, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत युरोपातला जवळपास सगळा मुलूख गेला.

आता १९१४. नेहमी सांगतात की ब्रिटनने ऑगस्टमध्ये तुर्कांसाठी बांधलेल्या दोन युद्धनौका जप्त केल्या, म्हणून तुर्क जर्मनीकडे गेले. नौकांचा राग खरा होता, पैसे भरलेले होते, त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली होती. पण जर्मनीशी बोलणी जुलैतच चालू होती आणि गुप्त करारावर सही झाली २ ऑगस्टला, म्हणजे जप्तीची बातमी गाजायच्या आधीच. त्याआधी ब्रिटन, रशिया, फ्रान्स तिघांनाही विचारून झालं होतं, कुणीच हात दिला नाही, हे मात्र फार कमी लोक सांगतात. एकटं राहिलो तर वाटणी होणार ही भीती अजिबात खोटी नव्हती.

तरी युद्धात उतरण्याची पद्धत मला माफ करण्यासारखी वाटत नाही. करार मोजक्या मंत्र्यांनाच माहीत होता. जर्मनीच्या दोन नौका १० ऑगस्टला तुर्कांच्या डार्डनेल्स सामुद्रधुनीत आल्या, त्या कागदोपत्री विकत घेतल्या, जर्मन खलाशांना फेझ टोप्या घातल्या आणि २९ ऑक्टोबरला त्याच आरमाराने रशियाच्या ओडेसा, सेव्हास्टोपोल बंदरांवर तोफा डागल्या, बहुतेक मंत्रिमंडळाला पत्ताच नाही, नंतर काहींनी राजीनामे दिले पण तोवर उशीर झाला होता. त्याआधी सप्टेंबरमध्ये परदेशी लोकांच्या जुन्या सवलती रद्द केल्या तेव्हा निषेध करणाऱ्यांत खुद्द जर्मनीही होती. मित्र कसला आहे हे तेव्हाच कळायला हवं होतं.

याची झळ आपल्याकडेही पोचली. ब्रिटिशांनी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पाठवलेल्या ६व्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, कुतच्या वेढ्यात उपासमार होऊन २९ एप्रिल १९१६ ला हे सैन्य शरण आलं, पुढे कैदेत कितीतरी जण मेले. म्हणजे ऑटोमन सैन्य अगदीच गेलेलं नव्हतं, गॅलिपोलीत ब्रिटन-फ्रान्सचा हल्ला परतवला तेव्हाही तेच दिसलं. पण त्याच १९१६ मध्ये ब्रिटन-फ्रान्सने रशियाच्या संमतीने अरब मुलखाच्या वाटणीचा नकाशा गुपचूप आखून ठेवला होता.

१९१८ ला शरणागती, १९२० ला साम्राज्याची वाटणी करणारा सेव्हरचा तह, १९२२ ला सुलतानपद रद्द. आपल्याकडे खिलाफतीसाठी मोर्चे निघत होते तो हाच काळ, ते खलिफापद १९२४ ला खुद्द तुर्कांनीच काढून टाकलं. उरलेल्या कर्जाचा वाटा मात्र नव्या तुर्कस्तानाच्या गळ्यात पडला, त्याचा शेवटचा हप्ता फिटला १९५४ मध्ये.