भायखळ्याच्या तुरुंगातले चौदा रुग्ण आणि शून्य परिकल्पना

१८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रोगी ओळखला आणि थोड्याच दिवसांत लोक मिळेल त्या वाटेनं मुंबई सोडू लागले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा प्रयोगशाळेत जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करण्यामागे लागले होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांना विचारलं गेलं, कोण टोचून घेतं? सुमारे दीडशे जण तयार झाले, सुमारे पावणेदोनशे झाले नाहीत. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यातले ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, आणि दोघेही वाचले.

लस लागू पडली, असं आपण लगेच म्हणतो. पण रुग्ण मुळात चौदाच. दोन गटांत ते सात-सात विभागले जातील असं थोडंच आहे? कधी आठ-सहा, कधी दहा-चार, नुसत्या योगायोगानंही होईल. मग बारा-दोन का होणार नाही? इथेच शून्य परिकल्पना कामाला येते. तिचं म्हणणं इतकंच, की लशीनं काहीही फरक पडलेला नाही. संशोधकानं हे विधान घटकाभर खरं धरायचं आणि विचारायचं, असं असतं तर समोरचे आकडे कितपत सहज मिळाले असते?

हे घरी करून बघता येतं. ३२५ चिठ्ठ्या घ्या, त्यातल्या १४ चिठ्ठ्यांवर लाल ठिपका द्या. हे आपले रुग्ण. लशीचा काही उपयोगच नसेल, तर कोणाला प्लेग होणार हे टोचण्यावर मुळीच अवलंबून नाही. म्हणजे डोळे मिटून उचललेल्या १५० चिठ्ठ्या हा टोचलेल्यांचा गट. त्यात सरासरी साडेसहा लाल ठिपके यायला हवेत. दोन किंवा त्याहून कमी किती वेळा येतील? हिशेब केला तर शंभर खेपांत साधारण एकदा. या 'शंभरात एक'ला संशोधक पी-मूल्य म्हणतात आणि ०.०१ असं लिहितात. इतकी दुर्मीळ गोष्ट नेमकी भायखळ्यातच घडली असं मानण्यापेक्षा शून्य परिकल्पना सोडून देणं सयुक्तिक.

हा हिशेब आजचा आहे. हाफकिन यांच्या हाती ही पद्धत नव्हती, कारण ती पुढे रूढ करणारा रोनाल्ड फिशर तेव्हा सहा वर्षांचा होता. त्यानं १९३५ साली मांडलेला चहाचा प्रयोग संख्याशास्त्राच्या वर्गात आजही शिकवतात. कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं असा एका बाईंचा दावा होता. आठ कपांपैकी चार दूध-आधीचे, चार चहा-आधीचे. चारांचा गट निवडण्याच्या ७० रीती असतात, म्हणून बाईंना काहीच ओळखता येत नाही ही शून्य परिकल्पना खरी धरली, तर सगळे कप नुसत्या अंदाजानं बरोबर ओळखण्याची शक्यता ७०त एक.

पण भायखळ्याकडे परत यायला हवं, कारण खरी अडचण तिथे आहे. शून्य परिकल्पना नाकारली म्हणजे एवढंच कळलं की फरक निव्वळ योगायोगाचा दिसत नाही. तो लशीमुळेच पडला, हे अजून ठरायचं आहे. टोचून घ्यायला कैदी स्वतःहून पुढे आले होते. स्वतःहून पुढे येणारा माणूस कदाचित जास्त धडधाकट असेल, जास्त काळजी घेणारा असेल. शिवाय प्लेग पसरणारा रोग, एका बराकीत शिरला की शेजारी-शेजारी माणसं पडतात. चिठ्ठ्या मात्र एकमेकींना लागण करत नाहीत. म्हणून माझा ०.०१ थोडा सैल हातानंच घ्यावा.

उपाय एकच, कोणाला औषध द्यायचं हे माणसानं ठरवायचं नाही, चिठ्ठीनं ठरवायचं. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगाच्या चाचणीत हेच केलं. यादृच्छिक अंकांवरून वाटणी आधीच ठरवून बंद पाकिटांत ठेवली होती. सहा महिन्यांनी स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले होते, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकी १४. इथे 'धडधाकट माणसंच एका बाजूला गेली असतील' ही शंका जवळजवळ उरत नाही.

समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्राच्या संशोधनात अशी वाटणी क्वचितच करता येते. मूल मराठी माध्यमात जाईल की इंग्रजी, हे चिठ्ठी टाकून कोण ठरवेल? तरी शून्य परिकल्पना प्रत्येक प्रबंधात असते: 'मराठी व इंग्रजी माध्यमाच्या इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील सरासरी गुणांत लक्षणीय फरक नाही.' वाक्य ठाकठीक, दोन सरासरींची तुलना करणारी टी-टेस्टही ठाकठीक. मग निकाल येतो 'परिकल्पना नाकारता येत नाही', आणि प्रबंध लिहिणारे विद्यार्थी हिरमुसतात. संशोधन फसलं असं त्यांना वाटतं. काही जण उलटं करतात, फरक नाहीच हे सिद्ध झालं असं ठोकून लिहितात.

दोन्ही चूक, आणि दुसरी जास्त घातक. समजा दोन माध्यमांत खरोखरच ५ गुणांचा फरक आहे आणि गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, १५ आहे. प्रत्येक गटात ३० मुलं घेतली, तर पी-मूल्य ०.०५हून कमी आलं तरच फरक 'लक्षणीय' धरायचा, या नेहमीच्या रेषेवर हा फरक चारांतून तीन वेळा निसटतो. पकडला जातो फक्त एकदा! म्हणजे फरक सापडला नाही याचा अर्थ बऱ्याचदा जाळं फारच लहान होतं, एवढाच. याउलट दोन्हीकडे वीस-वीस हजार मुलं घेतली, तर अर्ध्या गुणाचा फरकही लक्षणीय ठरेल, आणि त्या अर्ध्या गुणानं कोणत्याही मुलाचं काही अडत नाही. म्हणून माझ्याकडे प्रबंध घेऊन येणाऱ्यांना मी पी-मूल्याआधी विचारतो, फरक किती आहे आणि मुलं किती आहेत?

तो ०.०५ही दगडावरची रेघ नाही. फिशरनं १९२५ साली विसात एक ही सोयीची मर्यादा म्हणून सुचवली. आणि पी-मूल्य ०.०३ आलं म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के, हा अर्थही चुकीचा. ते विधान खरं धरूनच तर आपण आकडा काढला. तो आकडा त्याच विधानाच्या खरेपणाची टक्केवारी सांगू शकत नाही. अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेनं २०१६ साली खास निवेदन काढून हे बजावलं.

सगळ्यात मोहात पाडणारी गोष्ट वेगळीच आहे. मुख्य फरक सापडला नाही की डेटा चिरायला सुरुवात होते: मुलगे-मुली, चाळीतले-सोसायटीतले, पूर्व उपनगर-पश्चिम उपनगर, एकुलते-भावंडं असलेले. कुठेच खरा फरक नसताना एकमेकांपासून स्वतंत्र अशा वीस चाचण्या केल्या, तरी किमान एक 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. ती एक निवडून प्रबंधाचं शीर्षक बनवलं, तर वाचणाऱ्याला उरलेल्या एकोणीस कधीच कळत नाहीत. आणि त्या शीर्षकावरून उद्या कोणी शाळेचं धोरण ठरवलं, तर ते पूर्णपणे योगायोगावर उभं असेल.

औषधांच्या चाचण्यांत ही वाट बरीच रोखली गेली आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली. पहिला रुग्ण घेण्याआधीच काय मोजणार ते सर्वांसमोर मांडावं लागतं. सामाजिक संशोधनाच्या प्रबंधांना अशी सक्ती नाही, पण त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरजही नाही. प्रत्येक विद्यार्थी सुरुवातीला सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, देतोच, आणि परिकल्पना तिच्यात लिहिलेल्या असतात. ती तारखेसह, एक अक्षरही न बदलता प्रबंधाच्या शेवटी जोडावी. नंतर सुचलेल्या चाचण्या 'नंतर सुचलेल्या' असं स्पष्ट लिहून वेगळ्या प्रकरणात द्याव्यात, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षकांनी आधी ती शेवटची पानं उघडावीत.