मांडो

गोव्यातील ख्रिस्ती समाजात विकसित झालेला, कोकणी भाषेतील संथ लयीचा नृत्यगीतप्रकार. प्रीतीची ओढ, मीलनाचा आनंद व ताटातुटीचे दुःख हे त्याचे मुख्य विषय. दक्षिण गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील कुडतरी, लोटली, राय, बाणावली, मडगाव या परिसरातील जमीनदार घराण्यांत तो रुजला. लग्नाच्या निमित्ताने वाड्याच्या दिवाणखान्यात स्त्री-पुरुष समोरासमोर दोन रांगा करून तो नाचत. स्त्रियांच्या हाती पंखा असे.

मांडोच्या उगमाविषयी एकमत नाही. समोरासमोरच्या रांगा, जोडीदारांनी पुढे येऊन एकमेकांना ओलांडून जाणे आणि परत फिरणे या हालचालींवरून काही अभ्यासक तो मिन्युएट, काँत्रदान्स अशा यूरोपीय दरबारी नृत्यांपासून निघाला असे मानतात. दुसरा पक्ष लग्नविधीत गायिल्या जाणाऱ्या ओव्यांकडे व जुन्या लोकगीतांकडे बोट दाखवतो. गोव्यातील गीतांचे विस्तृत संकलन करणाऱ्या जुझे पेरैरा व मिकाएल मार्तिंश यांनी या गीतपरंपरेकडे भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा संगम म्हणून पाहिले आहे. नृत्यविन्यास व स्वरमेळ बाहेरून आले, पण ध्रुवपदाकडे वारंवार परतणारी बांधणी आणि घुमट या मातीच्या तालवाद्याचा ताल इथलाच, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवले जाई, हीही पार्श्वभूमी विसरता येत नाही. मांडोचे रचनाकार बहुधा या शिक्षणातून तयार झालेले होते.

कालनिश्चितीही अंदाजानेच करावी लागते. आज परिचित असलेले रूप सर्वसाधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सिद्ध झाले असावे. पुष्कळ रचना मौखिक परंपरेने टिकल्यामुळे एकच गीत दोन घराणी आपापल्या पूर्वजाच्या नावे सांगतात. याला अपवाद घटनापर मांडोंचा. मडगाव येथे 21 सप्टेंबर 1890 रोजी निवडणुकीच्या वेळी सैनिकांनी लोकांवर गोळीबार केला. त्यावरच्या मांडोत ती तारीखच गुंफलेली असल्याने निदान त्याची पूर्वमर्यादा, म्हणजे तो त्याआधीचा नाही एवढे, पक्की आहे. असे मांडो थोडे, आणि काव्यदृष्ट्या प्रेमगीतांहून फिके.

ज्ञात रचनाकारांत कुडतरीचे लिगोरियु कॉश्ता (1851–1919), आर्नाल्दु मिनेझिश व तोर्क्वातु फिगैरेदु यांची नावे अग्रक्रमाने येतात. निरोपाच्या प्रसंगी हमखास गायिला जाणारा मांडो फिगैरेदु यांचा.

मांडो सामान्यतः 6/4 मात्रांकात, म्हणजे दर खंडात सहा मात्रांच्या लयीत, असतो. तो दोन आवाजांत गातात. दुसरा आवाज पहिल्याशी तृतीय किंवा षष्ठ स्वरांतर (तिसऱ्या वा सहाव्या स्वराइतके अंतर) राखून समांतर चालतो. साथीला व्हायोलिन व घुमट. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते. एका हाताने त्यावर थाप मारायची आणि लहान, उघडे तोंड दुसऱ्या तळव्याने झाकत-उघडत नाद कमी-जास्त करायचा. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरीत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे (1972) ते बेकायदेशीर ठरले व शेळीचे कातडे आले. जुन्या वादकांना ते रुचत नाही.

मांडो संपला की द्रुत लयीचे दुलपद लागते. त्यात प्रेमाची हुरहुर मागे पडून गावातल्या गमतीजमती, टोमणे येतात. शेजारचा नृत्यगीतप्रकार म्हणजे देखणी. दामूच्या लग्नाला जाण्यासाठी नावाड्याला पैलतीरी नेण्याची विनवणी करणारी कलावंतीण हा तिचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग; त्या गीताची चाल ‘बॉबी’ (1973) या हिंदी चित्रपटातून देशभर पोहोचली, मूळ कोकणी शब्द मात्र गोव्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

वाड्यांतील सोहळे ओसरल्यावर मांडो 1960 च्या दशकापासून महोत्सवांच्या रंगमंचावर आला. तिथे गायकांचे गट स्पर्धेसाठी उतरतात, त्यामुळे नृत्यापेक्षा सामूहिक गायनाला अधिक महत्त्व मिळाले आहे.