‘सध्या काय वाचताय?’ ते ‘पीडीएफ आहे का?’ : थोडी पार्श्वभूमी

सध्या काय वाचतोयस असं विचारलं की आपल्याकडे पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘झालं की मला दे’. म्हणजे वाचतोय ते सांगणं आणि ते पुस्तक हातात पडणं या गोष्टी मराठीत कायम जोडीनेच चालत आल्यात. वाचनाच्या ग्रुपांवर आज पुस्तकांच्या फुकट पीडीएफ फाइली टाकाव्यात की नाही यावरून जे वाद पेटतात त्यांचं मूळ ही जोडी तुटली त्यात आहे असं मला वाटतं.

फार मागे जात नाही. रत्नागिरी १८२८, नाशिक १८४०, पुणे १८४८ अशी वाचनालयं उघडत गेली, खास मराठी ग्रंथांसाठी ठाण्यात १८९३ आणि मुंबईत १८९८ ला संग्रहालयं झाली, १९६७ ला ग्रंथालयांचा कायदा आला आणि वाचनालयांना त्यांच्या अ-ब-क-ड वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळायला लागलं, त्यामुळे तालुक्याच्या गावातही पुस्तकांची कपाटं पोचली.

खरी मजा होती ती सत्तर ते नव्वदच्या दशकातल्या लायब्ऱ्यांची. डिपॉझिट भरायचं, महिन्याची वर्गणी, एक पुस्तक एक मासिक. बऱ्याच ठिकाणी कपाटाला हात लावायला मिळायचा नाही, काउंटरवर यादी चाळायची, चिठ्ठीवर आठ-दहा नंबर लिहून द्यायचे आणि आतून त्यातलं जे जागेवर असेल ते यायचं. त्यामुळे कोण काय वाचतंय हे माहीत असणं गरजेचंच होतं, ते पुस्तक परत कधी येणार यावर आपला नंबर अवलंबून असायचा. काउंटरवरच्या बाईंना सगळं पाठ असायचं, कुठल्या कादंबरीला किती जण थांबलेत आणि कुणी तीन आठवडे अडवून ठेवलीय ते. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असायची, शिक्क्यांनी गच्च भरलेली चिठ्ठी म्हणजे पुस्तक चालतंय, आणि चार वर्षांत दोनच शिक्के असले तर आपोआप हात आखडायचा. शिवाय समासात पेन्सिलीने ‘शेवट रडका आहे’ वगैरे सूचना! दिवाळीत ठरावीक रक्कम भरून अंकांची योजना असायची, तेव्हा तर आधी कुठला अंक न्यायचा हे एकमेकांना विचारूनच ठरायचं.

मग केबल आली, लायब्ऱ्या रोडावल्या, ते सगळ्यांना माहितीय. मोबाईलवर मराठी टाइप करणं सोपं झालं आणि ‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न पुन्हा जोरात सुरू झाला, पण आता सांगणारा न्यू जर्सीत आणि विचारणारा नांदेडला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मर्यादा २०१६ ला १०० वरून २५६ झाली, २०२२ ला १०२४, म्हणजे एकाने मुखपृष्ठाचा फोटो टाकला की एका क्षणात शेकडो लोकांना ते पुस्तक हवंसं वाटणार आणि ‘झालं की मला दे’ म्हणायची सोयच नाही. त्याची जागा ‘पीडीएफ आहे का?’ ने घेतली. मार्च २०२० पासून लायब्ऱ्या बंद झाल्या त्या ऑक्टोबरपर्यंत, तेवढ्या काळात तर फाइलींचा पूर आला. वर्षभर खपून लिहिलेलं पुस्तक बाजारात येतंय न येतंय तोवर फिरताना बघून लेखकांनी जाहीर विनंत्या केल्या, आणि मग बऱ्याच ग्रुपांनी पीडीएफबंदीचा नियम केला.

या नियमावर अजून एकमत नाहीये. १९५७ चा कॉपीराइट कायदा, त्यात १९९२ ला लेखकाच्या मृत्यूनंतर हक्क टिकण्याची ५० वर्षांची मुदत ६० केली. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणून त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांना खुली झाली आणि ‘श्यामची आई’ आज वेगवेगळ्या प्रकाशकांकडे मिळते. इथपर्यंत सोपं आहे. घोळ होतो तो अनुवादांचा, मूळ रशियन कादंबरीकार जाऊन शंभर वर्षं झाली म्हणून लोक बिनधास्त फाइल टाकतात, पण मराठी अनुवादकाचा हक्क वेगळा असतो आणि तो अनुवादक कदाचित त्याच ग्रुपात असतो!

त्याहून मोठा पेच म्हणजे जी पुस्तकं हक्कात आहेत पण बाजारात नाहीत. मराठीत आवृत्ती निघते हजार-अकराशे प्रतींची, ती संपली की तीस-तीस वर्षं पुन्हा छापत नाहीत. अशा पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती नेटवर सापडतात, पानापानावर कुठल्यातरी जुन्या वाचनालयाचा गोल शिक्का. काही ग्रुप म्हणतात ही चालतील, काही म्हणतात अजिबात नाही. बंदीवाल्यांची बाजू मला पटते, कारण अकराशे प्रतींच्या व्यवहारात शंभर फुकट फाइली म्हणजे पुढचं पुस्तक न निघण्याइतका फटका आहे. पण ज्याच्या गावात ना दुकान ना धड लायब्ररी त्याला नुसतं ‘विकत घ्या’ म्हणून गप्प करणं हेही बरोबर नाही, आणि बंदीचे नियम करताना हा वाचक कुणी फारसा विचारात घेतलेला दिसत नाही.

तुटलेली जोडी सांधायचे प्रयत्नही झालेत. नाशिकहून २००९ ला पुस्तकांच्या पेट्या निघाल्या, एका पेटीत शंभर पुस्तकं, ती एका वाचकगटात फिरते, मग दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल, या पेट्या पार दुबईपर्यंत गेल्या. २०१७ ला साताऱ्यातलं भिलार पुस्तकांचं गाव झालं. आणि आता डिजिटल छपाईमुळे पन्नास-शंभर प्रतीही काढता येतात, म्हणजे ‘बाजारात नाही’ ही सबब वाचक आणि प्रकाशक, दोन्ही बाजूंची कमी होत चाललीय. ग्रुपवर एका जुन्या कादंबरीसाठी पन्नास जण ‘पीडीएफ आहे का’ विचारतात तेव्हा ती पन्नास नावं प्रकाशकाकडे आगाऊ मागणी म्हणून पाठवायला हवीत, आणि अ‍ॅडमिन मंडळींनी बंदीच्या नियमाखालीच हे लिहून टाकावं.