बंद न होणारा चुंबक

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी आईच्या साडीतून सात सेफ्टी पिना निघाल्या. पदराला दोन, निऱ्यांना एक, ब्लाउजला दोन, एक मंगळसूत्रात अडकवलेली आणि एक कंबरेला, "अडीअडचणीला असावी" म्हणून. टेक्निशियन ताईंनी सगळ्या एका डबीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "मावशी, अजून एकदा चाचपून बघा." आई म्हणाली, "एवढीशी पिन, तिनं काय होतंय?" ताई हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या केसांवरून हात फिरवून दाखवला. त्यांनी केसही साध्या रबराने बांधले होते.

एवढ्याशा पिनेने काय होतं, ते आधी सांगतो. नेहमीच्या एमआरआय यंत्राचा चुंबक 1.5 टेस्लाचा असतो, काही ठिकाणी 3 टेस्लाचा. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र 1.5 टेस्लाच्या जेमतेम तीस हजाराव्या भागाइतकं आहे. अशा क्षेत्रात साधी हेअरपिन ताशी सुमारे 60 किलोमीटर वेगाने यंत्राच्या तोंडाकडे झेपावू शकते. त्या वाटेत पेशंटचा चेहरा असतो.

एवढा मोठा चुंबक तयार होतो तो तारेच्या वेटोळ्यातून. नायोबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची कित्येक किलोमीटर लांब तार गुंडाळून ती द्रवरूप हीलियममध्ये, उणे 269 अंश सेल्सियसला बुडवून ठेवतात. इतक्या थंडीत या तारेचा विद्युतरोध शून्य होतो. एकदा काहीशे अँपियरचा प्रवाह तिच्यात सोडला की तो फिरत राहतो. बाहेरून वीज द्यावी लागत नाही. दिवाळीत सेंटर बंद असलं, रात्री वॉचमनने दिवे घालवले, अगदी अख्ख्या इमारतीची वीज गेली, तरी चुंबकाचं बळ लगेच उतरत नाही.

लोकांचा घात इथेच होतो, आणि त्याला कारण आवाज. स्कॅन चालू असताना यंत्र ठकठक, घणघण असा कान किटवणारा आवाज करतं. तो आवाज मुख्य चुंबकाचा नाही. क्षेत्रात बारीक बदल करण्यासाठी आत वेगळी वेटोळी असतात, त्यांतला प्रवाह सेकंदात कित्येकदा उलटसुलट होतो आणि ती थरथरतात, त्याचा तो आवाज. स्कॅन संपला की हे सगळं थांबतं. खोली शांत होते आणि आपल्याला वाटतं, मशीन बंद झालं. मिक्सर, पंखा, पिठाची गिरणी, सगळ्यांनी आपल्याला हेच शिकवलंय की आवाज थांबला म्हणजे यंत्र थांबलं. इथे नीट कान दिला तर एक बारीक, तालात चाललेली चक-चक ऐकू येते. हीलियम थंड राखणाऱ्या पंपाची. ती चक-चक चालू आहे, म्हणजे आतला चुंबक शाबूत आहे.

27 जानेवारी 2018 ला मुंबईच्या नायर रुग्णालयात एक तरुण आपल्या आजारी नातेवाइकासोबत आला होता. पेशंटला ऑक्सिजन लावलेला, म्हणून सिलिंडर त्याच्या हातात. यंत्र बंद आहे असं आपल्याला सांगितलं गेलं, असं घरच्यांनी नंतर सांगितलं. खोलीत शिरताच सिलिंडरसकट तो यंत्रात खेचला गेला, आणि सिलिंडरमधून सुटलेला ऑक्सिजन फुफ्फुसांत शिरून त्याचा जीव गेला. वय अवघं 32.

त्याआधी, 2014 मध्ये, नवी मुंबईत खारघरला एका कर्करोग केंद्रात दोन कर्मचारी असेच सिलिंडर आणि यंत्र यांच्यामध्ये चार तास अडकून पडले होते. जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या वेस्टबरी गावात एक गृहस्थ बायकोला टेबलावरून उठायला मदत करायला आत गेले. गळ्यात व्यायामाची सुमारे नऊ किलोची साखळी होती. साखळीसकट ते यंत्राकडे खेचले गेले आणि दुसऱ्या दिवशी वारले.

या तिन्ही घटनांत सापडलेली माणसं पेशंट नव्हती. पेशंटचे कपडे बदलतात, पिना काढतात, फॉर्म भरून घेतात. मदतीला धावणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि त्याचं स्वतःचंही नसतं, कारण त्याचे डोळे आपल्या माणसावर असतात. मला या सगळ्यातली सर्वांत जीवघेणी गोष्ट हीच वाटते.

"मी दारापर्यंत गेलो होतो, काही ओढ जाणवली नाही," असंही लोक सांगतात. त्यांना ती खरंच जाणवलेली नसते. यंत्रापासून जरा दूर असताना हिशेब असा असतो: अंतर निम्मं झालं की चुंबकीय क्षेत्र आठपट होतं, पण लोखंडावरची ओढ सुमारे 128 पट होते. कारण ओढ क्षेत्र किती आहे यावरच नाही, तर ते पावलागणिक किती झपाट्याने बदलतं यावरही ठरते. त्यात आजच्या यंत्रांभोवती उलट दिशेची वेटोळी असतात, क्षेत्र शेजारच्या खोलीत पसरू नये म्हणून. त्यामुळे ते दारापाशी नावाला असतं आणि यंत्राजवळ भिंतीसारखं उभं चढतं. चार मीटरवर हातातलं सिलिंडर नेहमीसारखं जड लागतं. दोन पावलं पुढे गेल्यावर ते हातात राहत नाही, आणि सोडायचं सुचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ओढ सर्वांत जास्त, पेशंटला ज्यात सरकवतात त्या बोगद्याच्या तोंडाशी असते, मधोमध नाही, कारण मधोमध क्षेत्र एकसारखं असतं.

चुंबक तातडीने उतरवता येत नाही का? येतो. भिंतीवर त्यासाठी बटण असतं. ते दाबलं की तार तापते, तिचा विद्युतरोध परत येतो आणि हीलियम उकळून वायू बनतो, सातशे पटींहून जास्त फुगतो आणि छतावरच्या नळातून बाहेर जातो. तो नळ तुंबलेला असेल तर वायू खोलीत भरतो आणि श्वासाला हवा उरत नाही. शिवाय खर्च लाखांत आणि यंत्र बरेच दिवस बंद. म्हणून माणूस अडकल्याशिवाय ते बटण कुणी दाबत नाही. पेशंटचं हृदय थांबलं तरी नियम असा आहे की छाती दाबणं सुरू करा आणि त्याला तसंच बाहेर काढा. उपचाराचं सामान आत आणायचं नाही.

घरी एक प्रयोग करून बघा. फ्रिजवरच्या चुंबकाला एक रुपयाचं नाणं लावा, ते चिकटतं. सोन्याची अंगठी चिकटत नाही. म्हणून सोनं घालून आत गेलं तर चालेल का? तेही नाही. एमआरआय शरीरात रेडिओलहरी सोडतो, 1.5 टेस्लाच्या यंत्रात सुमारे 64 मेगाहर्ट्झच्या. धातूच्या कड्यात त्या लहरी प्रवाह निर्माण करतात आणि कडं तापतं. एमआरआयमध्ये भाजण्याच्या घटना उडून लागण्यापेक्षा जास्त नोंदल्या जातात. ईसीजीच्या तारेचं वेटोळं, औषधी पट्टीमागचा ॲल्युमिनियमचा थर, चांदीचे धागे विणलेले व्यायामाचे कपडे, सगळ्यांनी कातडी भाजलेली आहे. इतकंच काय, उघड्या मांडीला हात चिकटून राहिला तरी शरीराचंच कडं तयार होतं, म्हणून मध्ये उशी ठेवतात.

आईने जोडवी काढली. मंगळसूत्र काढताना तिचा हात थबकला. ताईंनी न बोलता काळा दोरा पुढे केला, त्यांच्या टेबलाच्या खणात त्याचं रीळच होतं.

मग त्यांनी मला विचारलं, मी आत येणार नसतानाही: लेथवर, ग्राइंडरवर काम केलंय का? भोसरीच्या वर्कशॉपात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा कण रुतलेला असू शकतो, आणि त्याला ते आठवतही नसतं. तो कण डोळ्यात फिरला तर दृष्टी जाते. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. पेसमेकर, कानातलं यंत्र, मेंदूतल्या धमनीवरची क्लिप, बंदुकीचा छर्रा, हे सगळं सांगायचं. टायटॅनियमचा खुबा बहुधा चालतो, काही नवे पेसमेकरही ठरावीक अटींवर चालतात, पण त्याचं कार्ड दाखवावं लागतं. "डॉक्टर म्हणाले होते चालेल" एवढ्यावर भागत नाही.

पाऊण तासाने आई बाहेर आली. बाकावर बसून तिने डबीतल्या पिना एकेक मोजून घेतल्या, सात. पुढच्या पेशंटसाठी ताईंनी दार उघडलं तेव्हा खोली शांत होती आणि आतून ती चक-चक ऐकू येत होती.